क्रम खरंच महत्त्वाचा असतो का? २००२ च्या एका पेपरचं वाचन

या वेळी वाचायला घेतलेला पेपर जुना आहे. युझनिक्सच्या ‘लिसा’ परिषदेत, फिलाडेल्फियाला, २००२ साली स्टीव्ह ट्रॉगॉट आणि लान्स ब्राउन यांनी तो मांडला. नाव आहे ‘व्हाय ऑर्डर मॅटर्स: ट्युरिंग इक्विव्हॅलन्स इन ऑटोमेटेड सिस्टिम्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’. विषय वरवर पाहता अगदी रुक्ष: नेटवर्कवरच्या अनेक वर्कस्टेशनवर ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप बसवायची आणि पुढे ती सगळी मशीन्स एकसारखी ठेवायची, तर ते कसं करायचं.

हे काम लॅब असिस्टंटचं, संशोधकाचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर एक गोष्ट बघा. सिस्टिम्स, नेटवर्क, वितरित संगणन, अगदी मशीन लर्निंग, यापैकी कशातही तुम्ही प्रयोग करणार असाल तर प्रबंधाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात एक वाक्य येणार आहे: ‘सर्व ४० मशीनवर एकच सॉफ्टवेअर होतं.’ हे वाक्य आपण इतक्या सहज लिहितो की त्याला पुरावा लागतो हेच विसरतो. व्हायव्हाला एखाद्या परीक्षकाने विचारलं, ‘एकच होतं हे कशावरून?’ तर बहुतेकांचं उत्तर असेल, ‘एकाच फाइलवरून इन्स्टॉल केलं होतं, सर.’ ट्रॉगॉट आणि ब्राउन यांचं म्हणणं असं की हे उत्तर पुरेसं नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. त्यांनी दिलेली सिद्धता मात्र पटत नाही. निष्कर्ष बरोबर आणि पाया कच्चा, असे पेपर वाचनाच्या सरावाला फार चांगले असतात.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. डिस्क कोरी असलेलं मशीन सुरू केलं की नेटवर्क कार्डातला पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्राम डीएचसीपी सर्व्हरला विचारतो: माझा पत्ता काय, आणि बूट होण्यासाठी कुठली फाइल घेऊ? उत्तर मिळालं की ती फाइल टीएफटीपीने येते. टीएफटीपी म्हणजे अगदी साधा प्रोटोकॉल, त्यात पासवर्डसुद्धा नसतो. मग कर्नल येतो, मग इन्स्टॉलर येतो आणि तो प्रश्न विचारायला लागतो: भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, पॅकेज कुठली. हे प्रश्न ४० मशीनसमोर बसून सोडवायचे नसतील तर उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची. पेपर फुटलेल्या परीक्षेसारखंच म्हणा ना. रेड हॅटमध्ये या फाइलला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट. त्याआधी सनच्या सोलारिसवर जंपस्टार्ट होतं. कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे यांनी १९९९ पासून डेबियनसाठी एफएआय हे असंच साधन उभं केलं.

किकस्टार्ट फाइल उघडून पाहिलीत तर तिचे दोन भाग दिसतील आणि ते स्वभावाने वेगळे आहेत. वरच्या भागात काय हवं ते लिहिलेलं असतं: वेळ कोलकात्याची, डिस्कचे भाग अमुक, पॅकेजची यादी तमुक. या ओळींची जागा बदलली तरी सहसा काही बिघडत नाही. पॅकेजची यादी तुम्ही कुठल्याही क्रमाने लिहा, प्रत्यक्ष बसवण्याचा क्रम पॅकेज मॅनेजर परस्परावलंबन बघून स्वतः ठरवतो. खालचा ‘पोस्ट’ विभाग ही मात्र सरळसरळ शेल स्क्रिप्ट असते. इन्स्टॉलेशन संपल्यावर ती वरून खाली चालते. सुरुवातीला तिथे चार ओळी असतात. वर्षभराने बघा, दीडशे झालेल्या असतात. वरच्या भागात जे बसत नाही ते सगळं तिथे ढकललं जातं, आणि ‘हे आधी, ते नंतर’ हे ज्याने लिहिलं त्याच्याच डोक्यात राहतं. पेपरचा खरा रोख या खालच्या भागावर आहे आणि इन्स्टॉलेशननंतर वर्षभर हाताने वा आपोआप होत राहणाऱ्या बदलांवर आहे.

लेखक मशीन सांभाळण्याच्या तीन पद्धती सांगतात. त्यासाठी मराठी शाळेतले शब्द चपखल बसतात. पहिली अपसारी: जो तो येऊन बदल करतो आणि मशीन्स एकमेकांपासून दूर जात राहतात. दुसरी अभिसारी: एक साधन ठरावीक वेळाने येऊन काही ठरावीक गोष्टी इच्छित स्थितीकडे ओढत राहतं. ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं सीएफइंजिन हे याचं ठळक उदाहरण. तिसरी एकरूप, भूमितीतल्या एकरूप त्रिकोणांसारखी: एका मशीनच्या डिस्कवर जे आहे तेच दुसऱ्याच्या डिस्कवर, संपूर्ण. लेखक तिसऱ्याच्या बाजूचे आहेत. त्यांचा मुख्य दावा असा की दोन मशीन एकरूप ठेवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे दोन्हींवर तेच बदल त्याच क्रमाने करणं.

क्रमाने असा काय फरक पडतो? पेपर बाजूला ठेवून एक उदाहरण घेऊ, कारण हे तुम्ही घरी करून बघू शकता. डेबियनवर पोस्टग्रेस बसवलं की त्या सेवेसाठी एक सिस्टिम युजर तयार होतो. रेडिस बसवलं की दुसरा. या युजरना ठरलेला क्रमांक नसतो. १०० ते ९९९ मधला पहिला मोकळा क्रमांक मिळतो. आता एका मशीनवर आधी पोस्टग्रेस मग रेडिस बसवा, दुसऱ्यावर उलट. समजा पहिल्यावर पोस्टग्रेसला ११० आणि रेडिसला १११ मिळाला. दुसऱ्यावर अदलाबदल. दोन्ही मशीन उत्तम चालतात, पॅकेजची यादी शब्दशः सारखी येते, आवृत्त्या सारख्या येतात. महिनोनमहिने काही कळत नाही. मग एके दिवशी पहिल्या मशीनवरचा डेटा एनएफएसच्या सामायिक फोल्डरमध्ये जातो किंवा डिस्क काढून दुसऱ्याला जोडली जाते. फाइलच्या मालकाची नोंद नावाने नसते, क्रमांकाने असते. दुसरं मशीन ११० वाचतं आणि डेटाबेसच्या फाइल रेडिसच्या मालकीच्या समजतं. पोस्टग्रेस सुरू होत नाही. त्यातल्या त्यात ही बरी बाजू, कारण निदान बिघाड दिसतो. वाईट बाजू ही की रेडिसच्या नावाने चालणारा प्रोग्राम आता त्या फाइल वाचू शकतो.

बघा, इथे चूक कोणाचीच नाही. दोन्ही मशीनवर तेच बदल झाले, एकही कमी नाही की जास्त नाही. फरक फक्त क्रमाचा. या बाबतीत ट्रॉगॉट-ब्राउन अगदी बरोबर आहेत आणि त्यांनी हे अशा काळात ठासून सांगितलं जेव्हा बरेच जण ‘शेवटी सगळं सारखंच होतं’ असं धरून चालत होते. त्याआधी १९९७ च्या लिसा परिषदेत रेमी एव्हार्ड यांनी मशीनच्या आयुष्याचा एक नकाशा मांडला होता: नवं, स्वच्छ, कॉन्फिगर केलेलं, आणि मग एन्ट्रॉपीने ‘अज्ञात’ अवस्थेत घसरलेलं. एव्हार्ड यांनी घसरण दाखवली, ट्रॉगॉट-ब्राउन यांनी ती एकही चूक न करतासुद्धा कशी होते ते दाखवलं. पेपरचं हे श्रेय कोणी काढून घेऊ नये.

आता सिद्धतेकडे. युक्तिवाद थोडक्यात असा. मशीन स्वतःच स्वतःवर बदल करतं. इन्स्टॉलर जी लायब्ररी बदलतो तीच पुढच्या पायरीला तो स्वतः वापरतो. म्हणजे हा स्वतःचाच प्रोग्राम बदलणारा प्रोग्राम झाला, ट्युरिंग यंत्राच्या ताकदीचा. अशा यंत्राचं पुढचं वर्तन सर्वसाधारणपणे नुसतं वाचून सांगता येत नाही, चालवूनच बघावं लागतं. म्हणून प्रत्येक क्रम तपासावा लागेल. क्रम किती? १० बदल असतील तर ३६,२८,८००. एका चाचणीला २० मिनिटं धरा (हा आकडा माझा आहे, पेपरचा नाही), तर सगळे क्रम तपासायला साधारण १३८ वर्षं लागतात. एवढी फेलोशिप कोणालाच मिळत नाही. म्हणून एकच क्रम निवडा, तोच तपासा, तोच सगळीकडे चालवा.

ऐकायला बिनतोड वाटतं. पण ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द पुन्हा वाचा. अनिर्णेयतेचं प्रमेय इतकंच सांगतं की सगळ्या प्रोग्रामना लागू पडेल अशी एक पद्धत नाही. तुमच्या समोरच्या या दोन पॅकेजबद्दल काहीच सांगता येणार नाही, असं ते म्हणत नाही. सी भाषासुद्धा ट्युरिंगच्या ताकदीची आहे, तरी कंपायलर रोज सूचनांचा क्रम बदलतो. दोन सूचना एकमेकींच्या जागेला हात लावत नाहीत एवढं सिद्ध करता आलं की त्याला पुरतं. सिद्ध नाही झालं तर तो क्रम तसाच ठेवतो. मग हाच न्याय पॅकेजना का नको? एक पॅकेज फॉन्ट ठेवतं, दुसरं मॅन्युअलची पानं. त्यांचा क्रम महत्त्वाचा ठरवायला ट्युरिंगला उठवायची गरज नाही.

हा आक्षेप मनात आला की लगेच पुढचं पाऊल सुचतं: १० बदल असतील तर जोड्या फक्त ४५ आहेत, ४५ जोड्यांचे दोन्ही क्रम तपासा, संपलं! इथे जरा थांबा, कारण इथे पेपर हरलेली बाजी पुन्हा थोडी जिंकतो. एक जोडी कोऱ्या मशीनवर अदलाबदल होऊ शकते, म्हणून तिसरा बदल होऊन गेलेल्या मशीनवरही होऊ शकेलच असं नाही. तिसऱ्याने पॅकेज मॅनेजरच बदलला असेल तर? जोड्यांचा हिशेब लागू पडायला प्रत्येक जोडी प्रत्येक स्थितीत अदलाबदल होणारी हवी, आणि ‘प्रत्येक स्थितीत’ हे चाचणीने दाखवता येत नाही, रचनेतूनच यावं लागतं. म्हणजे लेखकांची भीती खरी आहे, पण तिचं कारण त्यांनी सांगितलंय त्यापेक्षा साधं आहे: पॅकेजच्या स्क्रिप्ट कुठे लिहितात, काय वाचतात, यावर बंधन नाही. रूट म्हणून चालणारी स्क्रिप्ट कुठेही हात घालू शकते. बंधन नाही म्हणून सिद्धता नाही, आणि सिद्धता नाही म्हणून क्रम जपा. या साखळीत ट्युरिंगचं नाव आलं नाही तरी चाललं असतं. ते आल्याने झालं काय, की ज्यावर उपाय आहे ती अभियांत्रिकीची उणीव निसर्गनियमासारखी दिसू लागली. माझा पेपरवरचा मुख्य राग हाच आहे.

दुसरा आक्षेप ‘सर्वात स्वस्त’ या शब्दावर. स्वस्त म्हटलं की किंमत मोजावी लागते. पेपरमध्ये खर्चाचा विचार आहे, पण तो तर्काने आणि अनुभवाने केलेला आहे, मोजमापाने नाही. अनुभव खोटा असतो असं नाही. या दोघांच्या अनुभवाला वजन आहेच. ट्रॉगॉट यांनी जोएल हडलस्टन यांच्यासोबत १९९८ मध्ये ‘बूटस्ट्रॅपिंग अ‍ॅन इन्फ्रास्ट्रक्चर’ हा पेपर लिहिला होता. संपूर्ण नेटवर्ककडे एकच मोठं मशीन म्हणून बघायची त्यातली दृष्टी आजही टिकून आहे. पण ‘सर्वात स्वस्त’ हा दावा त्या त्या वेळच्या किमतींना बांधलेला असतो, आणि किमती बदलतात. शोध घ्यायलाही लांब जावं लागत नाही. सॅन दिएगोच्या सुपरकम्प्युटर केंद्रातून रॉक्स आलं. त्यांचा खाक्या सरळ होता: नोडच्या स्थितीबद्दल शंका आली की तपासत बसू नका, किकस्टार्टने पुसून पुन्हा बसवा. २००३ मध्ये युटा विद्यापीठाच्या फ्रिस्बीने तयार इमेज मल्टिकास्ट करून ८० डिस्कवर मिळून ५० गिगाबाइट डेटा ३४ सेकंदांत लिहून दाखवला. चौतीस सेकंद! बदलांचा इतिहास जपत बसण्यापेक्षा तो पुसणंच स्वस्त पडायला लागलं. क्रमाचा प्रश्न यातून नाहीसा होत नाही हे खरं, इमेज बनवताना तो येतोच. पण तो एकाच मशीनवर एकदाच येतो, बाकीच्यांकडे फक्त निकाल जातो. ट्रॉगॉट-ब्राउन यांना हवी असलेली एकरूपता क्रम सगळीकडे न चालवताही मिळते.

तिसरा आक्षेप ‘एकरूप’ या शब्दावरच आहे. तो मला सर्वात जास्त कामाचा वाटतो, कारण इथे तुमची प्रयोगशाळा थेट येते. ‘तेच बदल, त्याच क्रमाने’ हे सूत्र चालायला मशीनचं जग बंद असावं लागतं: सुरुवात तीच, बदल तेच, बाहेरून दुसरं काही नाही. नेटवर्कवरून होणारं इन्स्टॉलेशन तसं नसतं. तुमच्या प्रीसीड फाइलमध्ये ‘पोस्टग्रेस’ एवढंच लिहिलेलं आहे. ते आज बसवलं आणि तीन महिन्यांनी, मधे एखादा सिक्युरिटी अपडेट येऊन गेल्यावर बसवलं, तर फाइल तीच, क्रम तोच, पण मिरवरून आलेलं पॅकेज वेगळं. २० मशीन जूनमध्ये आणि उरलेली २० ग्रँटचा दुसरा हप्ता आल्यावर घेतली, हे आपल्याकडे किती सामान्य आहे ते सांगायला नको. अशा वेळी ‘एकाच फाइलवरून’ हे उत्तर अर्धवट ठरतं. तारखेनुसार जुनी पॅकेज मिळवून देणारी डेबियनची स्नॅपशॉट सेवा यासाठीच वापरायची: फाइलमध्ये नाव लिहिता तशी तारीखही बांधून टाकायची.

उलट्या बाजूनेही बघा. संपूर्ण एकरूपता हवी म्हणून एका मशीनची डिस्क जशीच्या तशी ४० वर उतरवली, कॉलेजच्या लॅबमध्ये क्लोनझिलाने करतात तशी, तर ४० जणांची एसएसएच होस्ट की एकच होते. एकाची चोरीला गेली की सगळ्यांची गेली. मशीन-आयडीही एकच होतो. काही लिनक्स वितरणांत डीएचसीपीला दिली जाणारी ओळख या आयडीवरून तयार होते. मग सर्व्हरला वाटतं एकच मशीन पुन्हा पुन्हा पत्ता मागतंय, आणि तो सगळ्यांना एकच पत्ता देतो. पत्त्यांचा असा गोंधळ झाला की दोष स्विचला दिला जातो, बिचाऱ्या स्विचचा काही संबंध नसताना. म्हणजे काही गोष्टी सारख्या असायलाच हव्यात, काही वेगळ्या असायलाच हव्यात, आणि बऱ्याच कशाही असल्या तरी चालतात, लॉग फाइल किंवा वेळेचे शिक्के वगैरे. ही तीन खात्यांची विभागणी कोण करणार? पेपरचा ‘संपूर्ण डिस्क’ हा निकष इथे अपुरा पडतो. आणि ‘वेगळ्या असायलाच हव्यात’ या खात्यातही समज तपासून घ्यावी लागते. विंडोजमध्ये क्लोन केलेल्या प्रत्येक मशीनचा सिड बदललाच पाहिजे असं वर्षानुवर्षं मानलं गेलं. त्यासाठी न्यूसिड हे साधन लिहिणाऱ्या मार्क रसिनोविच यांनीच २००९ मध्ये, तो बदलल्याने मानतात तसा फायदा होत नाही असं लिहून ते साधन बंद केलं.

मग २००६ कडे या. एल्को डॉल्स्ट्रा यांचा उट्रेख्ट विद्यापीठातला पीएचडी प्रबंध, ‘द प्युअरली फंक्शनल सॉफ्टवेअर डिप्लॉयमेंट मॉडेल’. निक्स त्यातून आलं. तिथे प्रत्येक पॅकेज स्वतःच्या वेगळ्या जागेत राहतं आणि ते ज्या ज्या गोष्टींपासून बनलं त्यांचा हॅश त्या जागेच्या नावातच असतो. दोन पॅकेज एकाच जागी लिहीत नाहीत, म्हणून कोण आधी आणि कोण नंतर याला अर्थ उरत नाही. वर म्हटलं ते ‘बंधन’ हेच. कंपायलरला जी सिद्धता लागते ती इथे रचनेतूनच मिळते. ट्युरिंग यंत्र तेच राहिलं, प्रश्न मात्र बराचसा सुटला. २००२ चा युक्तिवाद जेवढा व्यापक असल्याचं सांगतो तेवढा असता, तर हे जमायलाच नको होतं.

पण डॉल्स्ट्रा जिंकले आणि ट्रॉगॉट-ब्राउन हरले असा निकाल लावून मोकळे होऊ नका. निक्सओएसवर युजर जाहीर करताना तुम्ही क्रमांक दिला नाही, तर सिस्टिम स्वतः एक मोकळा क्रमांक देते आणि पुढच्या वेळी तोच मिळावा म्हणून मशीनवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ही फाइल त्या शुद्ध हॅशवाल्या जगाच्या बाहेर असते आणि तिच्यातला मजकूर तुम्ही युजर कोणत्या क्रमाने वाढवत नेले त्यावर ठरतो. दोन मशीनचं आजचं कॉन्फिगरेशन अक्षरशः एक, पण तिथवर येण्याचा इतिहास वेगळा, तर क्रमांक वेगळे पडू शकतात. पोस्टग्रेस आणि रेडिसची तीच गोष्ट, नव्या घरात.

तुमच्या तयारीसाठी एक छोटं काम देतो. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, एकाच प्रीसीड फाइलवरून एकाच दिवशी डेबियन बसवा. एकावर आधी पोस्टग्रेस मग रेडिस, दुसऱ्यावर उलट. मग दोन्हीवरच्या सगळ्या फाइलचे चेकसम काढून याद्या शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक फाइलचा मालक-क्रमांकही नोंदवा, कारण चेकसम फक्त आतला मजकूर बघतो, मालक कोण हे त्याला कळत नाही. फरकांची यादी अपेक्षेपेक्षा लांब निघेल. त्यातला प्रत्येक फरक वरच्या तीन खात्यांपैकी कुठे टाकायचा हे एकेका ओळीत कारण देऊन लिहा. ज्याचं कारण देता येत नाही त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवा, आणि पेपरचा तिसरा विभाग त्यानंतर वाचायला घ्या.